थंडीत काच पांढरी झाली की एसी लावायचा

डिसेंबर-जानेवारीतली पहाट. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर आलेला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या, आणि लग्नाला निघालेली पाच माणसं शाली-स्वेटर गुंडाळून गाडीत बसलेली. काचा वरपर्यंत बंद, आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलेलं, हीटरचा झोत पायांवर. गाव संपायच्या आत पुढची काच पांढरी होते. मग ड्रायव्हर पंजाने समोर एक गोल पुसतो आणि तेवढ्यातून रस्ता बघत गाडी हाकतो. शेजारचा रुमाल घेऊन मदतीला. कुणी "एसी लाव" म्हटलं की मागून आवाज येतो, "या थंडीत एसी?"

हो, या थंडीतच. गाडीतला एसी हवा गार करतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो हवेतलं पाणी काढून घेतो, हे फार कमी जण लक्षात घेतात. हिवाळ्यात आपल्याला त्याचं हे दुसरं काम हवं असतं.

हे पाणी येतं कुठून? बव्हंशी आपल्याच श्वासातून. एक माणूस नुसता बसून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी श्वासातून आणि अंगावरून हवेत सोडतो. पाच जणांचं झालं २०० ग्रॅम, म्हणजे मिनिटाला तीन ग्रॅमहून थोडं जास्तच. लहान गाडीच्या आत हवा मावते अंदाजे तीन घनमीटर. १० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ९.४ ग्रॅम बाष्प राहू शकतं, म्हणजे सगळ्या गाडीत मिळून २८ ग्रॅम. गाडीत बसताना हवेची आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्यातले साडेबावीस ग्रॅम आधीच भरलेले असतात. उरले साडेपाच. पाच माणसं ते दोन मिनिटांत भरून काढतात. त्यापुढचा प्रत्येक श्वास काचेवर जाऊन बसतो, कारण गाडीत सगळ्यात गार वस्तू काचच असते. एकटा ड्रायव्हर असेल तर हेच व्हायला आठेक मिनिटं लागतात, एवढाच फरक.

पुसून काही होत नाही ते यामुळेच. पुसलेलं पाणी रुमालात जातं, रुमाल गाडीतच राहतो, आणि नवं पाणी तर येतच असतं. हवेतलं पाणी गाडीबाहेर घालवायला हवं, नाहीतर काच तरी गरम ठेवायला हवी. खरं तर दोन्ही करायचं असतं.

पहिला दोषी म्हणजे हवा आत फिरवायचं बटण, ज्यावर गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असतो. उन्हाळ्यात गारवा लवकर यावा म्हणून ते दाबायची सवय लागते आणि हिवाळ्यातही बोट तिकडेच जातं. थंडीत ते बंद ठेवावं. बाहेरून आत येणाऱ्या बाणाचं चित्र असेल ती स्थिती हवी. जुन्या गाड्यांत बटणाच्या जागी आडवी सरकपट्टी असते. वर्षानुवर्षं एकाच बाजूला राहून तिची वायर अडकते आणि पट्टी सरकली तरी आतली झडप हलत नाही. ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, चालू ठेवून पट्टी इकडून तिकडे करावी. हवेचा आवाज बदलला तर झडप हलते आहे. आवाज तोच राहिला तर ती अडकली आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की बाहेर दाट धुकं आहे, ती ओली हवा आत कशाला घ्यायची? आक्षेप रास्त वाटतो, पण गणित उलटं आहे. ८ अंशांची धुक्यातली हवा शंभर टक्के ओली असली तरी तिच्यात घनमीटरला जेमतेम सव्वाआठ ग्रॅम बाष्प असतं. तीच हवा हीटरवरून २५ अंशांपर्यंत तापली की २३ ग्रॅम धरू शकते. म्हणजे गाडीत पोचेपर्यंत तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्याही खाली उतरलेली असते. थंडीतली बाहेरची हवा अंगाला बोचते, पण तिच्यात पाणी कमी असतं. पाच माणसांच्या उच्छ्वासाने भरलेली आतली हवा ऊबदार वाटते, आणि काच पांढरी करते तीच.

आता एसी. डॅशबोर्डच्या आत हवा कुठल्या वाटेने जाते ते डोळ्यांसमोर आणलं की सगळं सोपं होतं. ब्लोअर हवा ओढतो, ती केबिन फिल्टरमधून जाते, मग एसीच्या गार जाळीवरून म्हणजे कूलिंग कॉइलवरून, आणि त्यानंतर हीटरच्या गरम जाळीवरून. हा क्रम महत्त्वाचा आहे. कॉइलवर बाष्पाचं पाणी होऊन ते खालच्या नळीने रस्त्यावर गळतं, मग कोरडी झालेली हवा हीटरवर तापते आणि काचेवर जाते. त्यामुळे एसी चालू आणि तापमानाचा नॉब लाल टोकाला, हे दोन्ही एकाच वेळी करायचं असतं. बटणावरचा दिवा लागला म्हणून गाडी गार होत नाही, हवा गरमच येते. "एसी आणि हीटर एकदम लावला तर बिघडतं" हा समज निराधार आहे. बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेवर हवा सोडायचं बटण दाबलं की कंपनीची यंत्रणा स्वतःच एसी चालू करते आणि बाहेरची हवा घेऊ लागते.

निघतानाचा क्रम असा ठेवावा. बसण्याआधी चारही दरवाजे अर्धा मिनिट उघडे टाकावेत, रात्रभर साचलेली दमट हवा निघून जाते. इंजिन सुरू केल्यावर हवेचा रोख पुढच्या काचेवर, बाहेरची हवा चालू, एसी चालू, नॉब पूर्ण लाल, ब्लोअर मधल्या वेगावर. सुरुवातीला हवा गारच येईल, कारण हीटरला उष्णता मिळते इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवातून, म्हणजे कूलंटमधून, आणि ते तापायला तीन-चार किलोमीटर तरी जातात. डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा जास्त वेळ लागतो. या गारठ्याच्या पहिल्या मिनिटांत एसीच कामाला येतो, कारण त्याला इंजिन तापायची वाट बघावी लागत नाही. डॅशबोर्डवरचा, इंजिन गार असल्याचा निळा दिवा विझला किंवा तापमानाचा काटा वर सरकला की ब्लोअर पूर्ण सोडावा. घाई असेल तर दोन समोरासमोरच्या काचा, म्हणजे ड्रायव्हरची आणि मागची डावी, बोटभर खाली कराव्यात. दोन-तीन मिनिटं थंडी सोसली की आतली हवा पूर्ण बदलते. इलेक्ट्रिक गाडीत कूलंट तापायची भानगड नसल्याने गरम हवा लवकर येते. ती बॅटरी खाते, म्हणून घरी चार्जरला असतानाच मोबाइलवरून गाडी तापवून ठेवायची सोय असेल तर ती वापरावी.

काच स्वच्छ झाली की लोक लगेच एसी बंद करतात आणि एका मिनिटात काच पुन्हा पांढरी होते, आधीपेक्षा दाट. कारण साधं आहे. कूलिंग कॉइलच्या पात्यांमध्ये अजून पाणी धरलेलं असतं. एसी बंद झाला की कॉइल ऊबदार होते आणि ब्लोअर तेच पाणी वाफ करून काचेवर फेकतो. घाटात ऐन वळणावर असं झालं तर समोरचं दिसेनासं होतं. म्हणून थंडीत एसी लावला की प्रवासभर चालूच ठेवावा. ही जास्तीच्या पेट्रोलची उधळपट्टी नव्हे: हवा मुळातच गार असल्यामुळे कॉम्प्रेसरवरचा भार उन्हाळ्यापेक्षा बराच कमी असतो. मुक्कामाला पोचायच्या पाच मिनिटं आधी, सरळ रस्त्यावर, एसी बंद करून बाहेरच्या हवेवर ब्लोअर चालू ठेवावा आणि काचा थोड्या उघडाव्यात. कॉइल सुकते, दुसऱ्या दिवशी पहिल्या झोताबरोबर वाफ येत नाही आणि कुबट वासही धरत नाही.

बाहेर शून्याच्या आसपास तापमान असेल तर बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्रेसर चालूच होत नाही, कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून. मनालीला किंवा लेहला गाडी घेऊन जाणाऱ्यांनी "एसीचा गॅस संपला" असं समजू नये. तिथली हवा इतकी कोरडी असते की बाहेरची हवा आणि हीटर एवढ्यावर भागतं.

बाजूच्या काचांसाठी डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांचे झरोके आरशांच्या दिशेने वळवावेत. वाफ नेमकी आरसा दिसतो त्याच कोपऱ्यात आधी धरते. मागच्या काचेवरच्या बारीक आडव्या तारा म्हणजे डिफॉगर, त्या काच थेट तापवतात. त्याला वीज भरपूर लागते, म्हणून बहुतेक गाड्यांत दहा-पंधरा मिनिटांनी तो आपोआप बंद होतो. एखादी तार तुटली आहे का हे बघायला वाफ धरलेल्या काचेवर डिफॉगर लावून बाहेरून बघावं: तुटलेल्या तारेजवळचा पट्टा पांढराच राहतो. तुटलेली जागा वीज वाहून नेणाऱ्या चांदीच्या रंगाने जोडता येते. मागची काच पुसताना तारांच्या दिशेने, आडवीच पुसावी. स्टिकर काढायला ब्लेड लावलं की तारा गेल्याच.

खालच्या व्हेरिएंटमध्ये डिफॉगर नसतो. तिथे मागे हवा पोचू देणं एवढंच हातात असतं, आणि त्याच्या आड येतं डिक्कीतलं सामान. ब्लोअरने आत ढकललेली हवा बाहेर जायला गाडीच्या मागच्या भागात, बंपरच्या आत, रबरी पडद्यांच्या एकेरी झडपा असतात. डिक्कीच्या कडांना बॅगा आणि गाद्या ठासून भरल्या की ती वाट बंद होते, आणि ब्लोअर कितीही वाढवला तरी हवा पुढे सरकत नाही. सामान दोन्ही बाजूंनी चार बोटं सोडून लावावं, नाहीतर मागची एक काच किंचित उघडी ठेवावी.

वाफ आत आहे की बाहेर, हे आधी ओळखायला हवं. वायपर एकदा फिरवावा. त्याने काच साफ झाली तर ती बाहेरून ओली आहे. पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या घाटात एसी खूप गार ठेवला की काच बाहेरून धुरकटते. तिथे उपाय उलटा, गार झोत काचेवरून काढून तापमान वाढवायचं. हिवाळ्यात उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीवर बाहेरून पडतं ते दव. मोकळ्या आभाळाखाली काच रात्रभर उष्णता सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. झाडाखाली किंवा पत्र्याखाली लावलेली गाडी त्याच रात्री कोरडी राहते. जागा नसेल तर पुठ्ठा किंवा जुनी चादर काचेवर पसरून कडा दरवाजात दाबाव्यात.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत हेच दव गोठून गाडीच्या टपावर पांढरा थर होतो. काचेवर तसा थर दिसला तर गरम पाणी ओतायचा मोह आवरावा. गार काचेवर एका जागी गरम पाणी पडलं की खडा लागून आधीपासून पडलेली बारीक चीर आडवी फुटत जाते. दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून मारलं की थर मऊ होतो, मग जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडावा. वायपर काचेला चिकटले असतील तर मोटर चालू करू नये, आधी हाताने सोडवावेत. ब्रिटन-जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे रोजचंच असतं. नव्याने गेलेल्यांनी मात्र तिथले नियम समजून घ्यावेत. ब्रिटनमध्ये सगळ्या काचा साफ करूनच गाडी काढावी लागते, समोर एक झरोका खरवडून चालत नाही. जर्मनीत बर्फ खरवडताना इंजिन नुसतं चालू ठेवायला मनाई आहे. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन तापवत ठेवणं कुठेही जिवावर बेततं, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काच किती स्वच्छ आहे याने फार फरक पडतो. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापून त्यातून बाहेर पडणारी द्रव्यं, सिगारेटचा धूर, डॅशबोर्डवर मारलेलं चकचकीत पॉलिश, हाताचा तेलकटपणा, सगळ्याचा एक पातळ थर काचेला आतून चढतो. वाफ त्याच्यावर बारीक थेंबांनी बसते आणि समोरच्या गाडीचे दिवे त्यात फुटतात. म्हणून पंजाने पुसू नये. महिन्यातून एकदा आतली काच नीट धुवावी: अर्धा लिटर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, मायक्रोफायबर कापड पिळून एकदा, साध्या पाण्याच्या कापडाने दुसऱ्यांदा, आणि शेवटी निम्मं पाणी-निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कोरड्या कापडाने. काचेला फिल्म असेल तर अमोनियावाला क्लीनर अजिबात नको, फिल्म खराब होते. कापड सीटखाली नको, प्लास्टिकच्या डब्यात कोरडं ठेवावं.

काचेला आतून शेव्हिंग फोम लावला की वाफ धरत नाही असं सांगतात, तो उपाय खरा आहे. वाटाण्याएवढा फोम कोरड्या काचेवर पसरून, पांढरेपणा पूर्ण जाईपर्यंत पुसत राहावं. त्यातल्या साबणी द्रव्यांमुळे पाण्याचे थेंब न होता सलग पातळ पडदा होतो, त्यातून आरपार दिसतं. काही दिवस टिकतो. जाड लावला तर रात्री दिवे पसरलेले दिसतात, म्हणून पुढच्या काचेपेक्षा बाजूच्या काचांना मी तो सुचवेन. ट्रकवाले पावसात तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळतात, तो उपाय काचेच्या बाहेरच्या बाजूचा. आतून लावल्यास नुसता राप चढतो.

हे सगळं करूनही काच रोज पांढरी होत असेल, गाडी रात्री रिकामी उभी असतानाही सकाळी आतून थेंब दिसत असतील, तर दोष श्वासाचा नाही. गाडीत कुठेतरी पाणी आहे. पावसाळ्यात शिरलेलं पाणी कार्पेटखालच्या फोममध्ये जानेवारीपर्यंत राहू शकतं. वरचं मॅट सुकं असतं, म्हणून कळत नाही. मॅट उचलून कार्पेटवर तळहात दाबावा, शक्य असेल तर कार्पेटचं टोक उचलून खालचा फोम चाचपावा. डिक्कीतली स्टेपनी काढून तिच्या खळग्यात पाणी आहे का बघावं. तिथे असेल तर मागच्या दिव्यांच्या रबराकडे आणि डिक्कीच्या बीडिंगकडे संशय न्यावा.

पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी ओल असेल तर बहुधा एसीची पाणी जायची नळी तुंबली आहे. दमट दिवसात एसी लावून पाच-दहा मिनिटांनी गाडीखाली पाणी ठिबकतं का ते बघितलं की निकाल लागतो. खालून मऊ वायरने किंवा हवेच्या हलक्या दाबाने नळी साफ होते. दुसरी जागा वायपरखालची जाळी. गुलमोहर, चिंच अशा झाडांखाली लावलेल्या गाडीत बारीक पानं तिथे कुजतात, पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येतं. सनरूफच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांचंही तेच. दरवाजाच्या आत, पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद डिंकासारख्या चिकट पट्टीने लावलेला असतो. बाहेरून स्पीकर बसवून घेताना तो फाटतो किंवा काढून फेकला जातो, आणि मग काचेवरून दरवाजात उतरलेलं पाणी खाली न जाता गाडीत झिरपतं. नवीन स्पीकर बसवल्यापासून गाडी दमट झाली असेल तर पहिल्यांदा तिथेच बघावं. दरवाजाच्या खालच्या कडेची भोकं चिखलाने बुजली असतील तर काडीने मोकळी करावीत.

काचेवरची वाफ चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल आणि कूलंटची पातळी उतरत असेल, तर हीटरची जाळी गळते आहे. हे पुसण्याचं प्रकरण नाही, गॅरेजचं आहे. गळती थांबेपर्यंत कूलंट बघत राहावं, नाहीतर इंजिन तापेल. कूलंटच्या टाकीचं झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडावं.

हीटरची हवा कोमटच राहते ही वेगळी तक्रार. आपल्याकडे गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्हच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकायची जुनी खोड काही मेकॅनिकना आहे. मग उन्हाळ्यात बरं वाटतं, पण थंडीत इंजिन नीट तापतच नाही, काटा खाली राहतो, हीटरला उष्णता मिळत नाही आणि इंधनही जास्त जातं. व्हॉल्व्ह परत बसवून घ्यावा. कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत राहिल्याने गंज आणि क्षार हीटरच्या बारीक नळ्यांत बसतात, हे दुसरं कारण. झोतच कमी असेल तर केबिन फिल्टर काढून बघावा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो आणि हत्याराशिवाय निघतो. वर्षातून एकदा बदलावा, नवा बसवताना कडेवरचा बाण जुन्याच्या बाणाप्रमाणे ठेवावा. उंदरांनी तिथे चिंध्या-काड्या आणून ठेवणंही काही दुर्मीळ नाही.

पाण्याची वाट बंद केल्यावर गाडी सुकवायची. दुपारच्या उन्हात चारही दरवाजे आणि डिक्की उघडून, मॅट बाहेर टाकून, कार्पेटखाली विटकरीएवढे लाकडाचे ठोकळे सरकवून दोन-तीन दिवस. नुसत्या काचा बंद करून उन्हात ठेवली तर पाणी फोममधून निघून छताच्या कापडात जातं, गाडीबाहेर जात नाही. ओल जास्त असेल तर टेबलफॅन लावून ठेवावा.

रोजच्या देखभालीला ओलावा शोषणारी सिलिका जेल चांगली, पण खिशातल्या पुडीएवढी नको. अर्धा ते एक किलो कापडी पिशवीत, डॅशबोर्डखाली. रंग बदलणारी घेतली तर कधी भरली ते दिसतं. ती ओव्हनमध्ये ११० अंशांच्या आसपास दीड-दोन तास ठेवली की परत वापरता येते. मीठ ठेवू नये. ते पाणी ओढून पातळ होतं, सांडतं आणि पत्र्याला गंज लावतं. गाडीत झोपायची वेळ आली तर समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात आणि इंजिन बंद ठेवावं.

कार्पेट खरंच सुकलं का, हे तपासायला रद्दीसारखं साधन नाही. रात्री वर्तमानपत्राची पानं दोन-तीन घड्या घालून चारही मॅटखाली आणि स्टेपनीच्या खळग्यात ठेवायची, सकाळी काढून हाताने चुरगाळायची. कडकड वाजली तर ती जागा कोरडी. मऊ लागली तर त्याच जागेपासून पाण्याचा माग काढत वर जायचं, कारण गाडीत पाणी जिथे साचतं तिथून शिरलेलं क्वचितच असतं.